मदत हवी आहे: लेकीच्या पोस्टरवरून घरात वाद झालाय, काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही अटलांटाला असतो, लेक सातवीत आहे. फेब्रुवारीत इथे ब्लॅक हिस्ट्री मंथ असतो ना, त्यासाठी तिने कृष्णवर्णीय बायकांवर पोस्टर केलंय. मधोमध बेसी कोलमन. ही शिकागोत मॅनिक्युअरचं काम करायची, अमेरिकेतल्या फ्लाइंग स्कूलवाल्यांनी काळी आणि त्यात बाई म्हणून घेतलंच नाही, तर ही फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ ला पायलटचं लायसन्स घेऊन आली! बाजूला नासाची गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन, १९६२ ला उड्डाणाआधी कॉम्प्युटरने काढलेले आकडे तिने हाताने तपासावेत असा अंतराळवीर जॉन ग्लेनचा आग्रह होता. विमानाचे पंख नीट येईनात म्हणून लेकीने इतकं खोडलंय की तिथे कागद पातळ झालाय.

आणि भावोजी व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "काळ्या बायकांचंच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? हाही भेदभावच." पोरीचा चेहराच उतरला आणि मला पटकन काही सुचलंच नाही.

मला मनापासून वाटतं की ज्या कारणाने दार बंद केलं तेच कारण नाव घेऊन सांगायला नको का, त्यात दुसऱ्या कुणाला बाहेर काढलंय कुठे? अहो, आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं होतं, म्हणजे हे आपल्याला परकं थोडीच आहे.

पण भावोजींना न दुखावता हे कसं सांगू? लेक विचारतेय की टायटल बदलून 'सगळ्या बायका' करू का. सोमवारी द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.