बाबांच्या बुलेटला साइडकार लावू का? तिसऱ्या चाकाने चालवणं खरंच सोपं होतं?

पंचवटीकर_सम्या

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. बाबा ६८ वर्षांचे. त्यांच्याकडे १९८६ ची बुलेट आहे, ३५०, म्हणजे जुनी, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेकवाली. गेल्या वर्षी त्यांचा डावा गुडघा बदलला, चालतात फिरतात व्यवस्थित पण पायात पहिल्यासारखा जोर नाही. दिवाळीच्या आधी भाजी घेऊन येताना सिग्नलला थांबले, डावा पाय टेकवला, तिथे नेमका रस्ता खचलेला, आणि जवळपास पावणेदोनशे किलोची गाडी सावकाश, अगदी बसल्यासारखी, आडवी झाली. लेगगार्डमुळे पाय वाचला, लागलं काही नाही. पण चार पोरांनी येऊन गाडी उचलली आणि त्यातला एक म्हणाला "आजोबा, आता बास करा". ते त्यांना फार लागलंय. तेव्हापासून गाडी शेडमध्ये. रोज सकाळी फडकं मारतात, मेन स्टँडवर किक मारून पाच मिनिटं चालू ठेवतात आणि बंद करतात.

माझ्या डोक्यात आलं की साइडकार (गाडीच्या डाव्या बाजूला जोडतात तो एका चाकाचा बसायचा डबा) लावली तर पडायचा प्रश्नच मिटला ना? तीन पायांचं स्टूल कसं कुठेही उभं राहतं तसं. आई म्हणते नसती थेरं आहेत, माझ्या स्कूटीवर मागे बसा. ते बाबांना या जन्मात जमणार नाही. दुसरा पर्याय म्हणजे स्कूटरला बाजूची चाकं लावतात ती. ज्यांनी दोन्ही चालवलंय त्यांनी सांगा, दोन चाकी येणाऱ्याला तीन चाकी आपोआप येते का?

करवीर_३५०

नाही येत. उलट ज्याला दोन चाकी चांगली येते त्यालाच जास्त त्रास होतो. माझ्या ३५० ला सात वर्षं साइडकार आहे म्हणून सांगतोय.

आपण बाइक कशी वळवतो हे आपल्यालाच माहीत नसतं बघ. वीस-पंचवीसच्या वर स्पीड असला की डावीकडे वळायला आपण हँडलची डावी मूठ पुढे ढकलतो, चाक क्षणभर उजवीकडे जातं, त्याने गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. पन्नास वर्षं गाडी चालवणाऱ्याला विचारलंस तर तो म्हणेल छे, मी असलं काही करत नाही, पण त्याचे हात रोज तेच करत असतात. साइडकार लावलेली गाडी कलतच नाही, त्यामुळे तिथे डावी मूठ ढकलली की गाडी सरळ उजवीकडे, समोरच्या ट्रकच्या अंगावर. हँडल कारच्या स्टिअरिंगसारखं जिकडे जायचं तिकडे फिरवायचं, एवढंच आहे, पण हे डोक्याला कळायला एक मिनिट लागतं आणि हाताला कळायला महिना. पहिल्या दिवशी रंकाळ्याच्या बाजूला एका बोळात डावीकडे वळायला गेलो आणि समोरच्या रसवंतीच्या बाकड्यापाशी जाऊन थांबलो. मालक म्हणाला आलं-लिंबू घालू का.

दुसरं म्हणजे गाडी सरळ चालत नाही. गॅस दिला की डावीकडे ओढते, कारण साइडकार मागे रेंगाळते, आणि ब्रेक मारला की उजवीकडे जाते कारण साइडकारला थांबायचं नसतं. त्यात आपले रस्ते कडेला उतरते, त्याची ओढ वेगळी. म्हणजे हात सारखे कामाला, पहिल्या आठवड्यात माझे दंड तालमीत गेल्यासारखे दुखत होते. रिकामी साइडकार घेऊन डावं वळण जोरात मारलं तर तिचं चाक हवेत जातं. उजव्या वळणाला तेवढी भीती नाही, तिथे साइडकार टेकण देते. मी एकटा असलो की अजूनही ४० किलोचं वाळूचं पोतं ठेवतो, बायको म्हणते माझी जागा पोत्याने घेतली.

आणि खड्डे. बाइकवर एक रेघ चुकवायची असते, कारला दोन, आमच्या गाडीला तीन. तीनपैकी एक चाक खड्डा शोधतंच.

हे सगळं झाल्यावर चांगलं पण सांगतो, सिग्नलला पाय टेकवायचा नाही ही चैन काय असते ते एकदा बसल्याशिवाय कळणार नाही. चिखल, वाळू, शेणाचा रस्ता, कुठेही जाऊन निवांत उभं राहायचं. पण बाबांचा ब्रेक डाव्या पायात आहे ना? तो डावाच राहणार आणि गाडी जड झाल्यामुळे जास्त दाबावा लागणार. हे आधी बघ.

गावठी_गिअर

सरळ रिक्षा घ्या काकांना, पावसात भिजणार पण नाहीत 😀

ठाणे_स्टँड_२२वर्षं

वरच्या भावाने मस्करी केली पण रिक्षा म्हणजे तरी काय, हँडल, क्लच, मुठीत गिअर, पायात ब्रेक, स्कूटरच की ती एक चाक जास्त असलेली. मी २२ वर्षं चालवली. स्कूटर येणारा पोरगा पहिल्यांदा रिक्षावर बसला की वळणावर अंग आत झुकवतो, आम्ही मागे बसून हसायचो. रिक्षाला तुमच्या अंगाचं काही देणंघेणं नसतं.

तीन चाकीचं सगळं गणित म्हणजे त्रिकोण. तिन्ही चाकं जोडून जमिनीवर रेघा मारा, वजन त्या त्रिकोणाच्या आत आहे तोपर्यंत तुम्ही राजा. रिक्षाचं एक चाक पुढे, दोन मागे. वळणात ब्रेक मारला की वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला पळतं आणि तिथेच नेमकं चाक नाही, कोपरा रिकामा. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. बाइकवाला पडला तर घसरून पडतो, रिक्षा उलटते. दोन्हीत फरक आहे. सौराष्ट्रात ते छकडो बघितलेत ना, पुढून बुलेट मागून टेम्पो, त्याचंही हेच, माल भरलेला असेल तर गुणी आणि रिकामा असेल तर उनाड.

उलटं पण होतं बरं का. इतकी वर्षं रिक्षा चालवून मुलाच्या बाइकवर बसलो तर पहिल्याच सिग्नलला पाय टेकवायचा विसरलो. पुढचं लिहीत नाही.

देशी_इन_सॅनहोजे

मी कॅलिफोर्नियातून. आमच्याकडे कॅन-अ‍ॅम स्पायडर आहे, रिक्षाच्या बरोबर उलटी, दोन चाकं पुढे आणि एक मागे. कॅनडाची बीआरपी ही २००७ पासून बनवते. वरचे दादा रिकाम्या कोपऱ्याचं बोलले ना, तर इथे त्या कोपऱ्यात चाक आहे, म्हणून वळणात ब्रेक लागला तरी टिकते, शिवाय आतलं चाक उचलायला लागलं की इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच पॉवर कापतं. हाताला ब्रेकच नाही, एकच पेडल, तिन्ही चाकांना. रिव्हर्स गिअर आहे. कॅलिफोर्नियात कारच्या लायसन्सवर चालते.

पण मी पुण्यात पंधरा वर्षं बाइक चालवलीय आणि खरं सांगू, मजा वेगळी आहे. बाइकवर घाटात वळताना आपण आणि गाडी एकत्र कलतो, अंगाला काही जाणवत नाही, सीटमध्ये नुसतं दाबल्यासारखं होतं. स्पायडरवर वळणात बाहेर फेकल्यासारखं होतं, एसटीच्या मागच्या सीटवर होतं तसं, हँडल घट्ट धरून आत रेलावं लागतं. शिवाय मागचं चाक लेनच्या बरोब्बर मधोमध धावतं, जिथे गाड्यांचं ऑइल ठिबकलेलं असतं, बाइकवर मी ती पट्टी कायम टाळायचे. आणि ट्रॅफिकमध्ये कारसारखं रांगेत उभं राहायचं. इथे बाइकला दोन लेनच्या मधून जायला कायद्याने परवानगी आहे, ती आमच्या काही कामाची नाही.

कलणाऱ्या तीन चाकी पण असतात हां. ऑफिसच्या कामाला पॅरिसला गेले होते तिथे पियाज्जोची एमपी३ ढिगाने दिसते, पुढे दोन चाकं पण गाडी स्कूटरसारखी कलते आणि सिग्नलला बटण दाबलं की पुढचं सगळं लॉक होऊन उभी राहते, पाय टेकवायची गरज नाही. यामाहाची नाइकेन पण कलते पण थांबल्यावर स्वतः उभी राहत नाही, म्हणजे काकांना तिचा उपयोग शून्य. तीन चाकं म्हटलं की सगळ्या सारख्या नसतात एवढंच सांगायचं होतं.

मोजून_चार_चाकं

साइडव्हीलबद्दल मी बोलतो, मला पोलिओ आहे आणि अठरा वर्षं तीच चालवतोय. लोक तीन चाकी म्हणतात पण मोजा, पुढचं एक, मागचं मूळचं एक आणि बाजूची दोन. चार झाली. गंमत अशी की इंजिनचा जोर फक्त मूळच्या मागच्या चाकाला, बाजूची दोन नुसती फिरतात. एखाद्या वेळी बाजूची दोन्ही उंचवट्यावर आणि मधलं खड्ड्यावर आलं की ते हवेत गरागरा फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. मी माझ्याच सोसायटीच्या गेटात असा अडकलोय, पेव्हर ब्लॉक खचलेले, वॉचमन धक्का मारायला आला तोवर मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत.

वळणाला वेग एकदम कमी, वीसच्या आत. वेल्डिंग चांगल्या माणसाकडून करून घ्या, माझं पहिलं किट एका ठिकाणी बसवलं होतं त्याचा उजवा आर्म सहा महिन्यांत तडकला. आणि कागदांचं म्हणाल तर हे कायद्यात अडॅप्टेड व्हेइकल, अपंगत्व असलेल्या माणसासाठी, लायसन्सही त्याच प्रकारचं लागतं. वय झालं म्हणून लावली असं नसतं. साइडकारचं मात्र वेगळं आहे, मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटारसायकलच्या व्याख्येतच सुटी होणारी साइडकार धरलेली आहे. तरी लावायच्या आधी आरटीओत आरसीवर काय नोंद लागेल ते विचारून या, नंतर विमावाले नको तिथे बोट ठेवतात.

आणि बाबांना सांगा, गाडीला चाक जोडल्याने माणूस म्हातारा होत नाही.

पंचवटीकर_सम्या

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. बाबांच्या जुन्या मेकॅनिकच्या ओळखीत एकाकडे साइडकारवाली बुलेट निघाली, परवा रविवारी सकाळी सहाला त्यांना घेऊन मोकळ्या मैदानावर गेलो. करवीरदादांचं सगळं वाचून दाखवलं होतं, त्यावर "मला शिकवतो का" झालं. पहिल्याच डाव्या वळणाला अंग डावीकडे, मूठ पुढे, आणि गाडी उजवीकडे मेकॅनिककाकांच्या चहाच्या थर्मासवर. थर्मास गेला. खाली उतरले, गाडीला एक चक्कर मारली, हँडल उभ्या उभ्या दोनदा फिरवून बघितलं आणि परत बसले. नंतर पाऊण तास फक्त आठचा आकडा, पहिल्या गिअरमध्ये, मी साइडकारमध्ये वाळूचं पोतं म्हणून. शेवटी शेवटी खांदे सरळ राहायला लागले होते.

ब्रेकचं दादा म्हणाले तेच खरं ठरलं, घरी आल्यावर गुडघ्यावर बर्फ लावून बसले होते. मेकॅनिककाका म्हणतात ब्रेक उजवीकडे घेता येईल पण मग गिअरचं काय करायचं, जुन्या बुलेटला ते सगळं क्रॉस शाफ्टने (एका बाजूचं पेडल दुसऱ्या बाजूला नेणारा आडवा दांडा) बदलावं लागेल. किंवा पुढचा ब्रेक डिस्क करून हातावरच जास्त भर द्यायचा. तर करवीरदादा, दोन प्रश्न. साइडकारच्या चाकाला ब्रेक बसवून मिळतो का, आणि बसवला तर तो पायाच्याच पेडलला जोडतात की वेगळा? आणि पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, एक दात कमी करतात म्हणे, ते तुम्ही केलंय का?