न्यूपोर्टच्या क्वेकर मीटिंगहाऊसबद्दल मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं 1699 चं मीटिंगहाऊस, म्हणजे प्रार्थनासभेचं घर आहे, ते कुणी आतून पाहिलंय का? बाहेरून अगदी साधी लाकडी इमारत, आत क्रॉस नाही, मूर्ती नाही, पाद्रीसुद्धा नाही, नुसती बाकं, लोक गप्प बसायचे आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलायचा, मला हे फारच भावलं. 1905 पर्यंत तिथे सभा भरायच्या, मग कम्युनिटी सेंटर झालं. पण गुलामांच्या व्यापाराचं एवढं मोठं बंदर, त्यात काही क्वेकरांकडेही गुलाम होते, मग या बाकांवर त्यावर काय वाद झाले असतील? त्या सभांची जुनी इतिवृत्तं कुठे वाचायला मिळतील, आणि ते जुनं हस्ताक्षर लावायचं कसं? प्लीज सांगा.