कार्टूनवाल्यांना भविष्य दिसतं म्हणे! तुमचं काय मत?

शिवाजीपेठकर
काल सलूनात नंबरला बसलो होतो. शेजारचं पोरगं मोबाईलवर रील दाखवत होतं, 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेनं आधीच सांगितलेल्या गोष्टींचं. १९९५ चा भाग, गोष्ट घडते २०१० मध्ये आणि नवरामुलगा चक्क मनगटावरच्या घड्याळात बोलतोय. अ‍ॅपलचं घड्याळ आलं २०१५ ला. सगळं सलून "आयला!" करायला लागलं.

मला काय ते पटलं नाही. डिक ट्रेसीच्या चित्रकथेत मनगटी रेडिओ १९४६ लाच आला होता. त्याच भागात नवरी लिसा आईशी ज्या व्हिडिओ फोनवर बोलते, त्याला बोट घालून फिरवायची गोल तबकडी आहे! ती रीलमध्ये कुणी दाखवत नाही. आणि चित्र दिसणारा फोन एटी अँड टी या टेलिफोन कंपनीनं १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मांडला होता. ७०० च्या वर भाग काढलेत त्यांनी. एवढे दगड मारल्यावर एखादा आंबा पडणारच की.

रंकाळाकाठ
दगड मारतात हे मान्य, पण कुठल्या झाडाला मारायचे हे त्यांना बरोबर कळतंय, त्याचं काय? सलूनचा विषय काढलाच आहेस तर ऐक. जिलेटनं दोन पात्यांचा रेझर १९७१ ला आणला. १९७५ ला 'सॅटर्डे नाईट लाइव्ह' या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात केली. तिसरं पातं कशाला? तर तुम्ही कशावरही विश्वास ठेवता म्हणून! लोक हसले. १९९८ ला जिलेटनं तीन पात्यांचा मॅक थ्री खरोखर विकायला काढला आणि आपण रांगेनं घेतला. मी पण घेतला. पुढं २००४ ला 'द ओनियन' या खोट्या बातम्यांच्या विनोदी पेपरनं पाच पात्यांची थट्टा केली, तर दोन वर्षांत पाच पात्यांचा फ्यूजन दुकानात हजर. याला आंबा पडणं म्हणत नाहीत भावा. गिऱ्हाईक किती खुळं असतंय हे त्यांनी आधीच ओळखलेलं.

तालमीतला आबा
मग उडती मोटार कुठाय? 'द जेटसन्स' कार्टूनमध्ये १९६२ लाच उडत होती. आम्ही अजून दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला हॉर्न ऐकत बसलोय.

राजारामपुरीची वहिनी
आबा, मोटार नाही पण त्यातली घरकाम करणारी रोबोट थोडीफार आली हो. आमच्याकडं लेकानं झाडणारी गोल चकती पाठवलीय. परवा दार उघडं राहिलं, तर बाहेर जाऊन सासूबाईंची ठिपक्यांची रांगोळी निम्मी गिळून आली. वर चाकाला पांढरं लावून हॉलभर फिरली. सासूबाई दोन दिवस त्या चकतीशी बोलत नव्हत्या.

शिवाजीपेठकर
@रंकाळाकाठ रेझरचं मानलं. पण मग ते भाकीत कसलं? समोर आहे तेच ताणायचं. सिम्पसन्समधला न्यूटन घे, पेननं लिहिलेलं अक्षर वाचणारा अ‍ॅपलचा हातातला छोटा कॉम्प्युटर. 'बीट अप मार्टिन' (मार्टिनला बडव) लिहिलं की तो 'ईट अप मार्था' (मार्थाला खा) करतो. तो भाग १९९४ चा, अ‍ॅपलचा न्यूटन १९९३ लाच बाजारात आलेला. म्हणजे शिळ्या बातमीवरचा विनोद.

रंकाळाकाठ
शिळा विनोदच पुढं कामाला आला! अ‍ॅपलच्या एका माजी इंजिनिअरनंच सांगितलंय की आयफोनचा कीबोर्ड करताना टीममधली माणसं एकमेकांना 'ईट अप मार्था' म्हणून टोचायची, आपला कीबोर्ड तसा व्हायला नको म्हणून. आधी थट्टा, मग वस्तू. तू क्रम उलटा लावतोयस.

राजारामपुरीची वहिनी
त्या टीमला म्हणावं, मराठी राहिलं की. रविवारी ह्यांना बोलून मेसेज पाठवला, "येताना दोन डबे पांढरा रस्सा आणा." उमटलं "पांढरा रस्ता". ह्यांचा फोन आला, "कुठला गं, बायपासचा?"

तालमीतला आबा
मग रस्सा आला का नाही?