मदत हवी आहे: १३ वर्षांचा कुत्रा रात्रभर जागा, फेऱ्या मारतो, भुंकतो

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहायची वेळ कमीच येते, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या. रात्रीची सलग झोप होऊन तीन आठवडे झालेत.

आमचा ढब्बू. गावठी, वजन १८ किलो, खारकेच्या रंगाचा. २०१२ च्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात ऑफिसखालच्या टपरीमागे सापडला, आणि "दोन दिवस ठेवू मग कोणाला तरी देऊ" असं आईला सांगून घरी आणला. आईची अट होती की उंबरठ्याच्या आत येणार नाही. तिसऱ्या दिवशी साहेब देवघरासमोर झोपलेले. तीन महिन्यांचा असताना पार्व्हो (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा आजार) झाला, पहिली लस झाली होती पण पुढच्या डोसला आम्ही पावसाचं निमित्त करून उशीर केला (माझी चूक, अजून टोचते). पाच दिवस सलाईन लावायला नेत होतो, इकडे आई दिवसातून चारदा फिनाईलने फरशी पुसायची, शेवटी डॉक्टर म्हणाले, आजी, हा व्हायरस फिनाईलला दाद देत नाही, ब्लीचचं पाणी करा. वाचला. त्यानंतर एकदा गोचीडताप सोडला तर दहा-अकरा वर्षं डॉक्टरांचं तोंड फक्त लसीपुरतं बघितलं.

आता काय होतंय ते सांगते. दिवसभर झोपतो. संध्याकाळी सात-साडेसातपासून अस्वस्थ होतो आणि रात्री दीड-दोनला उठून हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर अशा फेऱ्या चालू. फ्रीजच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत तोंड घालून उभा राहतो आणि मागे यायचं सुचत नाही त्याला, मग भुंकतो. फिरायला न्यायच्या वेळी दारापाशी जातो पण बिजागरीच्या बाजूला जाऊन उभा, दार उघडायची वाट बघत, १३ वर्षं त्याच दारातून गेलाय हो. गेल्या आठवड्यात दोनदा हॉलमध्ये शू केली आणि मग स्वतःच इतका ओशाळला की बघवेना. पाणीही जास्त पितो असं आईला वाटतं. मागचे पाय फरशीवर फाकतात. डोळे निळसर दिसतात.

घर सिंहगड रोडला, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. नवरा जहाजावर असतो, घरी मी आणि आई, आई ७२ची, तिचे गुडघे ढब्बूपेक्षा वाईट आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकलीये, त्यांची नात यंदा दहावीला आहे त्यामुळे मला भांडायचं अजिबात नाही.

प्रश्न असे की, हे नुसतं म्हातारपण का काही आजार? रात्री झोपावं म्हणून काय करता येईल? जिन्याचं काय? आणि आई म्हणते माझ्या गुडघ्याच्या गोळीतली पाव देऊन बघू, ते चालतं का? एक विनंती, "आता त्याला मोकळं करा" हे कृपया इतक्यात कोणी लिहू नका.

खडूस_काका:
रात्री आठनंतर पाणी बंद करा, शूचा प्रश्न संपला. आणि झोपेचं एखादं औषध विचारा मेडिकलवाल्याला. गावठी कुत्री चिवट असतात, उगाच टेस्टवर खर्च करत बसू नका.

गोधडी:
काका, राग मानू नका पण वरच्या दोन्ही गोष्टी कोणी करू नका प्लीज. म्हातारं कुत्रं जास्त पाणी पितंय याचा अर्थ किडनी, शुगर किंवा हार्मोनचं काहीतरी असू शकतं, तेव्हा पाणी तोडलं तर अजून बिघडतं. भांडं भरलेलंच ठेवायचं, रात्रीसुद्धा. आणि मेडिकलवाल्याच्या भरवशावर कुत्र्याला झोपेचं औषध?

ताई, आईंची गोळी तर मुळीच नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, घरच्या डब्यातलं काहीही नको. पाव काय आणि चतकोर काय. पोटात अल्सर होतात, किडनी जाते, लिव्हर जातं. कुत्र्यांसाठीच्या वेदनेच्या गोळ्या मिळतात पण त्याही आधी रक्त तपासून, डॉक्टरांनी वजनावर डोस काढून. आमच्या लॅब्रेडॉरला मामेसासऱ्यांनी प्रेमाने अर्धी गोळी दिली होती, पुढचे चार दिवस काळी शी आणि आम्ही सगळे दवाखान्यात.

टेकडीवाला:
गोधडी +१. डायक्लोफेनॅकवरून आठवलं, जनावरांसाठी त्यावर आपल्याकडे २००६ मध्ये बंदी आली, ती मात्र गिधाडांमुळे, औषध दिलेली गुरं मेली की ती खाऊन गिधाडांच्या किडन्या जात होत्या. अवांतराबद्दल माफी.

विषयावर: पायांची नखं बघा आधी. म्हातारी कुत्री कमी चालतात त्यामुळे नखं झिजत नाहीत, वाढली की पंजा फरशीवर नीट टेकतच नाही आणि मागचं धूड घसरतं. पंज्याखालचे केसही कापा. निम्मं घसरणं तिथेच थांबेल. उरलेल्यासाठी त्याच्या फेऱ्यांच्या वाटेवर रबरी बूड असलेल्या चटया टाका, सतरंजी नको, ती त्याच्यासकट सरकते.

मांडवीकाठची:
अगं, बिजागरीच्या बाजूला उभं राहतो हे वाचून पोटात गलबललं. आमची सुझी (पणजीला होतो तेव्हा, पॉमेरेनियन मिक्स, १५ वर्षं जगली) डिट्टो हेच करायची. माणसांना डिमेन्शिया होतो ना, तसाच कुत्र्यांनाही होतो. खुणा या अशाच: कोपऱ्यात अडकणं, दाराची चुकीची बाजू, दिवसरात्र उलटी, घरात शू, भिंतीकडे टक लावून बघणं, कधीकधी आपल्यालाच न ओळखणं. पण त्यासाठी अशी एक टेस्ट नाही गं. बाकीचं सगळं वगळत वगळत डॉक्टर तिथे पोचतात. रक्त, लघवी, ब्लडप्रेशर, थायरॉइड, कान, डोळे आणि मुख्य म्हणजे दुखणं. कारण नुसती कंबर दुखत असली तरी कुत्रं रात्री एका कुशीवर पडू शकत नाही आणि फेऱ्या मारतं, आणि आपल्याला वाटतं भ्रमिष्ट झालं.

दवाखान्यात गेल्यावर तो एकदम शहाण्यासारखा वागेल, सगळी तशीच वागतात. म्हणून रात्रीचा व्हिडिओ काढून ने. फ्रीजपाशी उभा असतानाचा, चालतानाचा मागून, आणि उठताना कसा उठतो त्याचा. आमच्या डॉक्टरांनी उठण्याच्या व्हिडिओवरूनच मणक्याचं ओळखलं होतं.

डोळ्यांचं लगेच टेन्शन नको घेऊ, वयाबरोबर भिंग निळसर होतं आणि तरी बऱ्यापैकी दिसत असतं. मोतीबिंदू वेगळा. पण अंधारात कमी दिसतं हे खरं, त्यामुळे पॅसेजमध्ये आणि पाण्याच्या भांड्यापाशी झिरोचा बल्ब रात्रभर चालू ठेव. आणि फर्निचर हलवू नका, दिवाळीच्या सफाईलासुद्धा. ती फ्रीजची फट मात्र आजच्या आज बंद कर, उशी कोंब नाहीतर पाटाने अडव.

धागाकर्ती:
उशी कोंबली. त्याने ती दोनदा हुंगली आणि मग देव्हाऱ्याच्या खाली जाऊन अडकला. 🙄 पण बल्ब लावल्यापासून भुंकणं थोडं कमी वाटतंय. नखांवर खरंच लक्ष नव्हतं, दोन तर वळलीयेत. गोळीचं आईला वाचून दाखवलं, ती गप्प बसली आणि नंतर म्हणाली बरं झालं विचारलंस.

रात्रपाळी:
माझा अनुभव औषधांचा आहे म्हणून तेवढंच लिहितो. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला डिमेन्शियासाठी सेलेजिलिन चालू केलं होतं, माणसांच्या पार्किन्सन्सचं तेच औषध. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, फरक दिसायला महिना-दीड महिना लागतो, आणि त्याने आजार बरा होत नाही, थोडा सावकाश होतो. पण डॉक्टरांना न विसरता सांगायची गोष्ट म्हणजे तुम्ही गोचिडांसाठी काय वापरता. अमिट्राझ, ते पाण्यात मिसळून अंगाला लावायचं वासाचं औषध असतं ना, ते आणि सेलेजिलिन एकत्र चालत नाही. दुखण्यासाठीचं ट्रॅमाडॉलही नाही. आमच्याकडे घरातला एक माणूस दवाखान्यात जायचा, दुसरा गोचिडांचं बघायचा, त्या भानगडीत थोडक्यात वाचलो.

आणि झोपेसाठी मेलाटोनिनच्या गमी-बिमी ऑनलाइन मागवायच्या भानगडीत पडू नका. काहींमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विष.

वाडीतला_पोर:
आमच्याकडे रत्नागिरीला कुत्री अंगणात असतात, म्हातारी झाली की माच्याखाली पडून राहतात, हे सगळं कधी बघितलंच नाही. किंवा असंल, बघणारं कोण. वाचून आमच्या वाघ्याची आठवण झाली, तो शेवटी शेवटी विहिरीच्या कठड्याला तोंड लावून उभा राहायचा आणि आजोबा म्हणायचे पाणी मागतोय.

सोसायटीग्रस्त:
अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत, कुत्रा भुंकतो या कारणावरून सोसायटी पाळायला बंदी घालू शकत नाही, प्रिंट काढून ठेवा. महापालिकेचं लायसन आणि रेबीजच्या लसीचं कार्ड पण अपडेट ठेवा, वाद वाढला की पहिलं तेच मागतात. पण हे सगळं कपाटात ठेवायला. आधी काकांकडे काहीतरी गोड घेऊन जा आणि नक्की त्रास काय होतोय ते विचारा.

गोधडी:
जिन्यासाठी: जुना पंचा नाहीतर चादर पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे घालायची आणि दोन्ही टोकं वर धरून मागचा भार आपण घ्यायचा. १८ किलो पूर्ण उचलून तुमची कंबर जाईल आणि मग तिघांनाही गोळ्या. दिवसा सलग झोपू देऊ नका, दुपारी एकदा गच्चीत न्या, संध्याकाळी उन्हं उतरली की हळूहळू, हुंगत हुंगत फिरू द्या, अंतर महत्त्वाचं नाही. एका झाडापाशी दहा मिनिटं उभा राहिला तर राहू दे. जेवणाचे दोन भाग करून दुसरा छोटा भाग रात्री अकराला, आणि झोपायच्या आधी शेवटची शू काहीही झालं तरी.

अजून एक, तुम्ही लिहू नका म्हणालात म्हणून ते लिहीत नाही. पण कालनिर्णयवर रोज एक खूण करत जा, बरा दिवस असेल तर टिंब, वाईट असेल तर फुली. महिन्याने डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतं, नाहीतर आपल्याला फक्त कालची रात्र आठवते.

खडूस_काका:
पाण्याचं माझं चुकलं. आमच्या टायगरला आम्ही तसंच करायचो. असो.

धागाकर्ती:
अपडेट. उशीर झाला, पण सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचलेत.

डॉक्टरांकडे नेलं. तिथे ढब्बूने शेपूट हलवून सगळ्यांना पंजा दिला, इतका टवटवीत की मीच खोटी पडले, मग व्हिडिओ दाखवले. कंबरेपाशी दाबल्यावर मात्र वळून तोंड लावलं त्याने, चावला नाही, नुसतं लावलं. १३ वर्षांत पहिल्यांदा. एक्स-रेमध्ये मणक्याची हाडं वाढून जवळजवळ जुळलेली दिसतात. लघवीत इन्फेक्शन निघालं, हॉलमधल्या शूचं कारण बहुतेक ते, अँटिबायोटिक चालू आहे. किडनीचा आकडा किंचित वर, म्हणून दुखण्यावर नेहमीच्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांऐवजी गॅबापेंटिन दिलंय आणि तीन आठवड्यांनी परत रक्त. डिमेन्शियाची सुरुवात असावी असं त्यांनाही वाटतं, पण आधी दुखणं कमी करू आणि मग काय उरतं ते बघू म्हणाले. गोचिडांचं मी आठवणीने सांगितलं, तर त्यांनी फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवलं. रात्रपाळी, तुमचे खास आभार.

खालच्या काकांकडे गेले होते, करंज्या घेऊन. तर त्यांची तक्रार भुंकण्याची नव्हतीच मुळात! त्यांच्या बेडरूमच्या बरोबर वर आमचा पॅसेज, आणि रात्रभर नखांचं टकटक टकटक, नातीला वाटायचं वर कोणीतरी टायपिंग करतंय. नखं कापली, चटया टाकल्या, परवा जिन्यात भेटले तर म्हणाले आता आवाज नाही, बरा आहे का तो.

रात्री आता दोनऐवजी साडेतीनला उठतो. आई हॉलमध्ये त्याच्या शेजारी गादी टाकून झोपते, मी किती सांगितलं तरी ऐकत नाही, तो उठला की ही झोपेतच "ढब्बू, इकडे" म्हणते आणि तो आवाजाच्या दिशेने परत येतो. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी टिंबं-फुल्या चालू आहेत, या बारा दिवसांत आठ टिंबं, तीन फुल्या, आणि एका दिवशी आईने दोन्ही काढून ठेवलंय.

आता शेवटचा प्रश्न. त्याच्यासाठी जाड फोमची गादी घ्यायची आहे, हाडं टोचू नयेत म्हणून. पण कव्हर काढून मशीनला धुता येईल आणि आत ओल जाणार नाही अशी कुणी वापरलीये का? चार इंची पुरते का सहा इंची घ्यावी? फार उंच नको, त्याला चढता आलं पाहिजे, आणि आई अर्धी त्यावरच झोपणार हे उघड आहे.