मदत हवी आहे: ऐतिहासिक = हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

फलकाची_घाई: कोशात दोन्हींपुढे 'ऐतिहासिक'च दिलंय. 'उंच'चंही तेच, टॉल की हाय? संध्याकाळी इंग्रजी फलक छपाईला द्यायचाय. एकच काय ते सांगा.

कानामात्रा: पुढचं नाम कोणतं? किल्ला, निकाल, कादंबरी? त्याशिवाय सांगता येणार नाही. मूळ वाक्यं टाका.

जुना_पूल: सोपं आहे. 'ऐतिहासिक'च्या जागी 'इतिहासात महत्त्वाचा' घालून वाचा. बसलं तर हिस्टॉरिक. 'इतिहासाविषयीचा' किंवा 'इतिहासकाळातला' बसलं तर हिस्टॉरिकल. निकाल कालचा असला तरी हिस्टॉरिक असू शकतो. कादंबरी मात्र हिस्टॉरिकलच.

गवतफूल: आधी ए की अ‍ॅन ते ठरवा. 'ह' स्पष्ट उच्चारत असाल तर ए हिस्टॉरिक.

फलकाची_घाई: ते विचारलेलं नाही. शब्द हे: ऐतिहासिक किल्ला (रायगड), १६७४ चा ऐतिहासिक राज्याभिषेक, ऐतिहासिक कागदपत्रे, ऐतिहासिक व्यक्ती, उंच तटबंदी, उंच मनोरा.

जुना_पूल: राज्याभिषेक हिस्टॉरिक. बाकी सगळं हिस्टॉरिकल, किल्लासुद्धा.

कानामात्रा: किल्ल्याला असहमत. तिथे तुमची कसोटी फसते, कारण दोन्ही अर्थ बसतात. वास्तू आणि स्थळांना इंग्रजीत हिस्टॉरिक रुळलंय: अमेरिकेचं नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस, तिकडे इंग्लंडची वारसा-संस्था हिस्टॉरिक इंग्लंड. हिस्टॉरिकल फोर्ट आपल्याकडे सर्रास लिहितात, अर्थही कळतो, पण फलकावर हिस्टॉरिक घ्या. व्यक्तीचं वाक्य पाहून ठरवा. हिस्टॉरिकल फिगर म्हणजे खरोखर होऊन गेलेली, दंतकथेतली नव्हे. हिस्टॉरिक फिगर म्हणजे जिने इतिहास घडवला ती.

जुना_पूल: म्हणजे प्रत्येक नामाला पाठांतर? मग नियम कशाला?

कानामात्रा: पाठांतर नको, पडताळा घ्या. गूगल एनग्राम व्ह्यूअरमध्ये (छापील पुस्तकांत शब्द किती वापरले गेले ते दाखवणारं साधन) दोन्ही जोड्या स्वल्पविराम देऊन टाका, दोन रेघा शेजारी दिसतात. अक्षरं लहान-मोठी असल्याने आकडा फुटतो, म्हणून 'केस-इन्सेन्सिटिव्ह' चालू करा. विशेषणापुढे जागा सोडून नुसती चांदणी (*) दिली तर त्यापुढे येणारे सर्वाधिक वापराचे १० शब्द मिळतात. साध्या गूगल शोधातल्या निकालसंख्येवर मात्र जाऊ नका, ती अंदाजे असते.

गवतफूल: भाषांतराचं अ‍ॅप आहे की!

कानामात्रा: सुटा शब्द दिलात तर अ‍ॅपही कोशासारखंच वागतं. निदान पूर्ण वाक्य द्या.

जुना_पूल: 'उंच' राहिलं. रुंदीच्या मानाने उभं वाढलेलं ते टॉल: माणूस, झाड, मनोरा. लांबवर पसरलेलं किंवा जमिनीपासून वर असलेलं ते हाय: तटबंदी, डोंगर, छत. हाय शेल्फ म्हणजे वर ठोकलेली फळी, हात पोचत नाही ती. फळी स्वतः बोटभर जाड असली तरी हायच.

फलकाची_घाई: मिळालं, आभार. 'प्राचीन तटबंदी'ला एन्शंट चालेल ना?

कानामात्रा: तट १७ व्या शतकातला असेल तर नको. एन्शंट म्हटलं की वाचणारा सातवाहनांपर्यंत मागे जातो. सरळ सेव्हन्टीन्थ-सेंच्युरी लिहा, मधला हायफन विसरू नका.