चावीच्या घड्याळाला खोटारडे म्हणणाऱ्यांना उत्तर

साखरपेठकर: ‘सेलवरचे स्वस्त घड्याळ अचूक चालत असताना चावीचे घड्याळ वापरणे म्हणजे मनगटावर खोटी वेळ बांधणे,’ असे काल येथे लिहिले गेले, ते वाचून गप्प बसवेना. दिवसाचे ८६,४०० सेकंद होतात. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर, म्हणजे अचूक घड्याळाच्या, प्रमाणपत्रासाठी घड्याळ रोज सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढ्याच मर्यादेत चालावे लागते. केवळ स्प्रिंगच्या ताणावर चालणारे यंत्र दहा हजार सेकंदांत एका सेकंदानेही चुकत नसेल, तर त्याला खोटारडे म्हणणे हा अन्याय आहे.

जुळे सोलापूरकर: ते मीच लिहिले होते आणि शब्द मागे घेणार नाही. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तर तुमचे बॅलन्स व्हील, म्हणजे चावीच्या घड्याळातले मागेपुढे झुलणारे चाक, पाच ते आठ ठोके देते. शिवाय त्या प्रमाणपत्राची चाचणी ८, २३ आणि ३८ अंश सेल्सिअस तापमानावर होते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, त्याचे काय?

होटगी रोड: उन्हाचा बाऊ करू नका. तापमानाने फारशा न बदलणाऱ्या निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंसाठी शास्त्रज्ञ गिलोम यांना १९२० चे नोबेल मिळाले, ते उगाच नव्हे. खरा शत्रू चुंबकत्व आहे. वडिलांचे घड्याळ अचानक रोज काही मिनिटे पुढे पळू लागले, तेव्हा एका दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच ‘मशीन झिजले, नवे घ्या’ असे सांगितले. दुसऱ्याने जवळ होकायंत्र धरताच सुई थरथरली. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटत होते. त्याने चुंबकत्व उतरवले आणि घड्याळ ताळ्यावर आले. न बघता निदान करणाऱ्या अशा लोकांनीच चावीच्या घड्याळांचे नाव घालवले आहे.

साखरपेठकर: एकाच्या चुकीपायी सगळ्यांना धारेवर धरू नका. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसलेल्या कारागिरांविषयी असे बोललेले मी ऐकून घेणार नाही.

होटगी रोड: मी ‘अशा लोकांनी’ म्हटले आहे, ‘सगळ्यांनी’ नाही. भांडण्यापूर्वी निदान नीट वाचत जा.

जुळे सोलापूरकर: तुमचा वाद माझीच बाजू मांडतो. चुंबक लागला की पुढे पळायचे, तेल वाळले की चाल बिघडायची, आडवे ठेवले की एक चाल आणि उभे ठेवले की दुसरी; मग अचूकता उरली कुठे?

साखरपेठकर: याच फरकाचा उपयोग करून घेता येतो. दिवसभरात पुढे गेलेले घड्याळ ज्या बाजूवर मागे पडते, त्या बाजूवर रात्री ठेवले की बरीचशी चूक भरून निघते.

जुळे सोलापूरकर: रोजच्या कामाला ते पुरते, एवढे मान्य करतो. मात्र क्वार्ट्झशी बरोबरी सांगाल, तर पुन्हा विरोध करीन.