‘माइंडफुलनेस’ला मराठीत काय म्हणाल? (पत्रक अडलंय)

रानजाई
नमस्कार मंडळी. एका कॅन्सर रुग्णालयाच्या समुपदेशन विभागासाठी पत्रकाचं मराठी करते आहे. आजार बराच पुढे गेलेले रुग्ण आणि त्यांचा नवरा किंवा बायको, अशा जोडप्यांसाठी ‘माइंडफुलनेस’चे, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाचे, आठ आठवड्यांचे वर्ग आहेत. दोघांनी मिळून यायचं. मजकूर सोपा आहे, गाडी नावातच रुतली. मी ‘सजगता’ लिहिलं होतं. परवा सांगोल्याकडच्या एका काकांना नमुना वाचायला दिला. काकूंचा आजार यकृतापर्यंत पोचलाय. त्यांनी वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “म्हंजे आमी आजवर गाफील होतो म्हना की.” तेव्हापासून तो शब्द लिहवत नाही. ‘जागरूकता’ तर नकोच, ग्राहक मंच आठवतो. सुचवा. शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

पोथीवाला
‘अवधान’. नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत ज्ञानदेव श्रोत्यांकडे हेच मागतात. घरचा, सातशे वर्षांहून जुना शब्द असताना उसनवारी कशाला?

उनाड_बोका
घरचा खरा, पण माळ्यावर ठेवलेला. ‘अनवधानाने’ तेवढा खाली येतो, तोही कार्यालयीन पत्रात चूक झाकायला.

त्रिपिटक_प्रेमी
मुळात आपण भाषांतराचं भाषांतर करतोय. बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेतला शब्द ‘सति’, म्हणजेच संस्कृत स्मृती. पालीचे ब्रिटिश अभ्यासक रीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली सुत्तांच्या, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या, इंग्रजी अनुवादात त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ योजला. पुढे १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्यांनी गांजलेल्यांसाठी वर्ग काढले, त्यातून आठ आठवड्यांचा साचा रूढ झाला. तुमचे आठ आठवडे बहुधा त्याच घराण्यातले. मग थेट ‘स्मृती’ का नको?

उनाड_बोका
दारावर ‘स्मृती वर्ग’ अशी पाटी लावली तर लोक हार घेऊन येतील हो! आणि ‘सति’ म्हणाल तर विचारूच नका. नवरा आजारी, बायको शेजारी, आणि वर हा शब्द!

त्रिपिटक_प्रेमी
मान्य. शब्द मागे घेतो, व्युत्पत्ती नाही.

तांबडमाती
एवढं लांब कशाला जायचं? आमची आजी मेथी निवडताना माझ्या हातात किडकं पान दिसलं की म्हणायची, “ध्यान कुठं हाय तुजं?” ध्यान म्हणजे हेच की. हातातल्या कामात मन असणं.

पोथीवाला
‘ध्यान देणे’ हिंदी आहे. मराठीत लक्ष देतात. मालिकावाल्यांनी घातलेला घोळ खेड्यातल्या आजीच्या नावावर खपवू नका.

तांबडमाती
आजी गेली तेव्हा आमच्या गावात टीव्ही नव्हता, पोथीवालेकाका. आणि ‘देणे’ कोण म्हणालं? ‘ध्यानात ठेव’, ‘ध्यानात आलं’, ‘ध्यानीमनी नसताना’ ही काय हिंदी आहे? गंमत बघा, ‘ध्यानात ठेव’ म्हणजे लक्ष असू दे आणि विसरूही नको. वरची ती स्मृती इथे आयतीच आली.

उनाड_बोका
आणि “काय ध्यान आहे!” त्याचं काय करायचं? :)

गोदातीर
‘भान’ का नको? छोटा शब्द. देहभान, वेळेचं भान, भानावर येणं. ‘बेभान’ही चालतो, फारसी ‘बे’ आणि संस्कृत ‘भान’ सुखाने नांदतायत.

पोथीवाला
नांदत नाहीत, सोसतायत.

वैशाखवारा
‘भान’ला माझा विरोध. “जरा भान ठेवा” हे मी आयुष्यभर ओरडा म्हणूनच ऐकलंय. आधीच दमलेल्या माणसाच्या हातात असला कागद देऊ नये.

रानजाईताई, नाव काही का असेना, पत्रकात पहिलं वाक्य ‘श्वासाकडे लक्ष द्या’ असं आहे का? असेल तर आधी ते बदला. आमच्या यांना फुफ्फुसाचा कॅन्सर होता. छातीत पाणी साचायचं, सुईने काढलं तरी काही दिवसांत परत. श्वासाकडे लक्ष दे म्हटलं की डोळे पांढरे व्हायचे, कारण भीती तिथेच बसलेली. यांचं लक्ष तिथून हलावं म्हणून तर आम्ही धडपडत होतो. शिकवणाऱ्या बाई शहाण्या होत्या. म्हणाल्या, श्वासाचं राहू द्या, तळपाय जमिनीला टेकतात तिथे बघा, नाहीतर आवाज ऐका. मग आम्ही संध्याकाळी पलंगाच्या कडेला दोघं पाय खाली सोडून बसायचो. ऑक्सिजनचं यंत्र धापा टाकत असायचं. यांचा पाय सुजून गुळगुळीत झालेला, दाबला की खळगा पडायचा. तो माझ्या पायाला लागलेला. गार फरशी. बोलायचं काही नाही. आम्ही त्याला ‘टेकणं’ म्हणायचो. चहा झाला की हे म्हणायचे, “चल, टेकू जरा.”

गोदातीर
ताई, हा शब्द सगळ्यांत चांगला आहे.

पोथीवाला
वैशाखवाराताई, मनापासून नमस्कार. शब्द सुंदरच. पण छापील पत्रकात अडचण येईल. ‘हात टेकले’ म्हणजे हरलो. रुग्णाला नेमकं तेच वाचायला मिळेल.

तांबडमाती
माथाही टेकतात. दमलेला पाहुणाही टेकतो. तुम्हाला हातच कसे दिसले?

रानजाई
वैशाखवाराताई, वाक्य होतंच, तिसऱ्या ओळीत. विभागातल्या मॅडमशी बोलले. त्यांनाही पटलं. आता तिथे तळपाय किंवा पंख्याचा आवाज, ज्याला जे जमेल ते.

आणखी दोन शब्द अडलेत. ‘प्रगत कर्करोग’ कसा वाटतो? आणि ‘केअरगिव्हर’?

उनाड_बोका
प्रगत देश, प्रगत शेतकरी, प्रगत कर्करोग. सत्कारच करून टाका. ‘पसरलेला’ म्हणा, डॉक्टरही तेच म्हणतात. ‘केअरगिव्हर’ला मात्र ‘काळजीवाहू’ नको, निवडणुका लागल्यासारखं वाटतं.

गोदातीर
‘सुश्रुषा करणारा’? सुश्रुतावरूनच आलाय ना तो?

पोथीवाला
नाही! आधी लिहा नीट. शुश्रूषा. पहिले दोन्ही श शहामृगाचे, शेवटचा ष षट्कोनाचा. सुश्रुताचा संबंध एवढाच की दोन्हींचं मूळ ‘श्रु’, ऐकणे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची ती पिपासा, तसंच हे. गुरूचं ऐकायची इच्छा म्हणून त्याची सेवा, मग कुणाचीही सेवा, मग आजाऱ्याची. याच घडणीचा ‘मुमूर्षू’, मरणाच्या दारातला.

तांबडमाती
शेवटचं उदाहरण इथे गरजेचं होतं का, काका?

पोथीवाला
नव्हतं. चुकलो. आता प्रतिसाद पुसताही येत नाही.

वैशाखवारा
असू द्या. मला उलट बरं वाटलं. दीड वर्ष औषधं, पथ्य, फायली, विम्याचे कागद करत होते आणि त्यालाच शुश्रूषा समजत होते. यांना एकदा घरावरच्या कर्जाचं बोलायचं होतं, मी विषय बदलला. “आधी पेज घ्या” म्हटलं. तीन-चारदा झालं असेल असं. मग एक दिवस टेकलेले असताना यांनीच काढला विषय, आणि हातात वाटी नव्हती म्हणून मला ऐकावं लागलं. हप्ते, वारसाची नोंद, आणि मग भलतंच, लग्नात माझ्या भावाशी झालेलं भांडण.

त्रिपिटक_प्रेमी
अवांतर: पेज की कण्हेरी? घाटावर…

उनाड_बोका
अहो, थांबा की जरा.

रानजाई
छापखान्यातून दोनदा फोन आला. मथळ्याला सध्या फक्त ‘दोघांसाठी वर्ग, दर बुधवारी सकाळी ११ वाजता’ एवढंच ठेवलंय. खाली बारीक अक्षरात ‘माइंडफुलनेस’, देवनागरीत. ‘टेकणं’ आतल्या पानावर येतंय, वैशाखवाराताईंना विचारून.

पोथीवाला
‘वर्ग’ नको. त्या वयात कोण शाळेत जाईल?

तांबडमाती
आता ‘बैठक’ सुचवू नका, त्यावर वेगळा धागा लागेल. आणि ‘ध्यानात ठेव’ हिंदी आहे का, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.